मुराळ्याच्या ताटातला मासा

माझ्या सासरच्या गढीत बायकांच्या वाट्याला एकच खिडकी आली होती. बाकीच्या खिडक्या चौकात उघडत, म्हणजे घरातून घरातच. ही एक मात्र नदीवर होती, आणि तीसुद्धा कुणाला दया आली म्हणून ठेवलेली नव्हती. गढीची ती बाजू डोहात सरळ उतरलेली, खाली पाय ठेवायला वीतभर जागा नाही. तिथून वर डोकावणार कोण? म्हणून ठेवली. तिला लोखंडी गज होते. दोन गजांमधून माझा हात कोपरापर्यंत बाहेर जाई. त्यापुढे जात नसे. मी करून बघितलं होतं.

गाव चकलांब्याहून गाडीवाटेनं पुढं, अगदी काठावर. आमच्याकडे गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. माझं माहेर अंबाजोगाईचं. तिथं वडिलांनी मला अक्षरं शिकवली आणि आईनं तोंड वर करून बोलायला शिकवलं. सासरी दोन्हींचा उपयोग शून्य. निजामाचं राज्य होतं आणि देशमुखांच्या घरात बायकांचा गोषा कडक होता. माझे मालक हैदराबादला वकिली शिकत होते. वर्षातून एकदा यायचे, आल्यावर तिथल्या विजेच्या दिव्यांचं वर्णन करायचे आणि जायचे. उरलेलं वर्ष मी, सासूबाई आणि ती खिडकी. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची.

सासऱ्यांशी, म्हणजे मामंजींशी, सुनेनं बोलायचं नाही असा रिवाज होता. अगदीच अडलं तर दाराआड उभं राहायचं आणि भिंतीला सांगायचं. "भिंती गं, सांग मामंजींना, गाय आटली म्हणावं." पलीकडं मामंजी जेवत असायचे. त्यांना सगळं स्वच्छ ऐकू यायचं, पण तेही भिंतीलाच उत्तर द्यायचे. "भिंती, सांग तिला, दुसरी सोडून आणतो." पहिल्यांदा मला हसू आवरेना. आत्याबाईंनी दंडाला असा चिमटा घेतला की आठ दिवस निळं होतं. पुढं सवय झाली. त्या घरात माझं सगळ्यात जास्त बोलणं भिंतीशीच झालं असेल.

मामंजी तसे वाईट माणूस नव्हते. तोंडानं फटकळ, जमिनीच्या बाबतीत चिवट, आणि एका गोष्टीचे वेडे. ती गोष्ट म्हणजे गळ. पोटासाठी मासे धरणारे भोई गावात होते, ते जाळी लावायचे. मामंजींचा तो शौक होता. धुण्याच्या घाटाच्या वरच्या अंगाला, डोहाच्या दुसऱ्या टोकाला त्यांचा एक सपाट दगड होता. सकाळी तिथं घोंगडी टाकून बसायचे. कणकेत करडीची पेंड आणि हिंग मळून गोळ्या करायच्या, त्या आत्याबाईंनी. त्यांच्या हाताचा हिंगाचा वास मला अजून आठवतो, कारण त्याच हातांनी त्या माझी वेणी घालायच्या. दोरीला मोराच्या पिसाचं देठ बांधलेलं असे. ते पाण्यावर उभं तरंगायचं आणि मामंजी त्याच्याकडं बघत बसायचे. तहसीलचा निरोप येवो, कूळ येवो, भांडण येवो, देठ बुडाल्याशिवाय ते मान वळवत नसत.

त्या शौकाला घराचा एक नियम चिकटलेला होता, आणि माझी सगळी गोष्ट त्या नियमाची आहे. सुनेला माहेरी न्यायला भाऊ आला, म्हणजे मुराळी आला, की त्याच्या ताटात आमच्या डोहातला मासा वाढायचा. मासा घरच्या माणसानं गळानं धरलेला पाहिजे. जाळ्याचा चालत नाही. तो खाल्ल्याशिवाय मुराळी उठायचा नाही आणि सून गाडीत बसायची नाही. मला हे ऐकून थट्टा वाटली होती. मग आत्याबाईंनी कारण सांगितलं. मामंजींची थोरली वहिनी एकदा मासा न होताच माहेरी गेली. पाऊस होता, घाई होती, मुराळी कोरडाच निघाला. तिकडं तिला पटकी झाली आणि ती परत आली नाही. मामंजी तेव्हा पोरसवदा होते, आणि त्यांना आईच्या जागी तीच होती. तेव्हापासून घरातून कुणी कोरडं गेलं नाही. हे कळल्यावर मला थट्टा करवेना, पण नियम काही त्यामुळं सोपा झाला नाही.

एरवी तो जड नव्हताच. डोह माशांनी भरलेला. मुराळी सकाळी आला तर दुपारी मासा चुलीवर असायचा. माझा दादा दोनदा येऊन मला घेऊन गेला होता, दोन्ही वेळा मासा तासाभरात लागला होता.

त्या वर्षी दिवाळीनंतर डोहात पाणमांजरं आली.

पहिल्यांदा मी त्यांची शिट्टी ऐकली. वाटलं, कुणी गुराखी असेल. खिडकीशी गेले तर पाण्यावर चपटी डोकी. एक, दोन, मग आणखी. वाळूवर चढून त्यांनी अंग घुसळलं, एकमेकांवर लोळली, एकानं दुसऱ्याच्या तोंडातला मासा पळवला आणि त्यावरून मोठं रामायण झालं. मी भाकरीचं पीठ तसंच परातीत टाकून बघत राहिले. त्या घरात आल्यापासून माझी अशी करमणूक कशानंच झाली नव्हती. मागून आत्याबाई आल्या. ओरडतील असं वाटलं, पण त्या माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून बघायला लागल्या. म्हणाल्या, "म्या नवी नवरी होते तवा आलती. मदी कुटं गेलती कुणाला ठावं."

मामंजींना मात्र ती लई महाग पडली. पाणमांजरं आली आणि देठ बुडायचं थांबलं. चुकून बुडालंच, तर ओढेपर्यंत माशाचं नुसतं डोकं गळाला राहायचं. धड कुणीतरी मधल्या मधे खाल्लेलं. मामंजी ते डोकं हातात घेऊन घरी यायचे आणि भिंतीलासुद्धा बोलायचे नाहीत. ठासणीची बंदूक उडवली, हलगीवाला बसवला. दोन दिवस शांतता, तिसऱ्या दिवशी शिट्ट्या सुरू.

शुक्रवारची सुट्टी म्हणून तहसीलदारसाहेब गळ घेऊन अधूनमधून यायचे. ते उत्तरेकडचे, खऱ्या गंगेच्या काठचे. ते उर्दूत बोलत. आमच्या अंबाजोगाईला छावणी असल्यामुळं मला ती कानावरून ओळखीची होती. ढाळजेत, म्हणजे दारालगतच्या बैठकीत, चहा पिता पिता मामंजींनी त्यांच्याकडं पाणमांजरांचं गाऱ्हाणं गायलं. साहेब हसले. म्हणाले, आमच्याकडं याहून मोठं प्रकरण आहे. सूस म्हणतात. वासराएवढं जनावर, तोंड चिमट्यासारखं लांब, डोळ्यांनी जवळजवळ आंधळं. पाण्यातच राहतं पण श्वास घ्यायला वर येतं आणि सूंऽस करून पुन्हा खाली जातं. ते आलं की गळवाले शौकीन शिव्या देत दोऱ्या गुंडाळायचे. त्यांचे एक मामू मात्र दोरी गुंडाळत नसत. ते उठून जागा बदलायचे. सूस वर आला त्याच्या उलट अंगाला, खडकाच्या कपारीपाशी जाऊन बसायचे. म्हणायचे, मासा त्याला भिऊन पळाला ना? मग पळून कुठंतरी गेलाच असेल. तो गेला तिथं मी.

मामंजींना हे पटलं नाही. "सूस असंल तुमचा खानदानी, साहेब," ते म्हणाले. "ही पाणमांजरं चोर हायेत." आणि दगड सोडायला ते तयार झाले नाहीत. त्या दगडावर त्यांचे वडील बसत. दाराआड उभी राहून मी मात्र मामूंचं ते वाक्य मनात घोळवत राहिले. कारण मासे पळून कुठं जातात ते मला दिसत होतं.

संक्रांत झाली आणि पाणी निवळलं. वरून बघितलं की तळाचे धोंडेसुद्धा दिसायचे. पाणमांजरं सकाळी डोहाच्या त्या टोकाला, मामंजींच्या दगडासमोर, एका ओळीत पोहायची. ती तिकडं बुडाली की इकडं थोड्या वेळानं पाण्यात सावल्या यायच्या. आधी बारक्या, मग मोठ्या. सगळ्या येऊन माझ्या खिडकीखाली, गढीच्या पायाच्या धोंड्यांमध्ये शिरायच्या आणि तोंडं पाण्याच्या धारेकडं करून उभ्या राहायच्या. मामंजी तिकडं रिकाम्या पाण्यात गळ टाकून बसलेले आणि मासे सगळे इकडं, जिथं माणूस उभा राहू शकत नाही अशा जागी. रोजचं हे बघून मला गंमत वाटायची. कुणाला सांगण्याचं कारण पडलं नव्हतं.

मग दादा आला.

अवेळी आला होता. सणवार नाही, लग्नकार्य नाही. बाहेर मामंजींशी बोलून तो मधल्या खोलीत आला आणि माझ्याकडं न बघता खाली बसला. "आईनं अंथरूण धरलंय," तो म्हणाला. "वैद्य झालं, छावणीतला डाक्टर झाला. अन्न जाईना तिला. तुजीच वाट बघायली हाय गं. दार वाजलं की मान वळवती."

मी उठून सरळ लुगडी बांधायला घेतली. गाठोडं बांधून झालं तेव्हा आत्याबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या तोंडाकडं बघून मला कळलं.

"मासा?" मी म्हटलं.

"बसलेत," त्या म्हणाल्या. "तुजा दादा आल्या आल्या काठी घेऊन गेलेत."

मामंजी त्या दिवशी अंधार पडेपर्यंत दगडावरून उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटेच गेले. दादा त्यांच्याशेजारी जाऊन बसायचा, मग उठायचा, घाटापर्यंत चालायचा, परत यायचा. गाठोडं उंबऱ्याशी पडून होतं. जाता येता माझा पाय त्याला लागायचा. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. आई तिथं दाराकडं मान वळवतेय आणि मी इथं एका माशासाठी अडकलेय. मला संताप आला होता, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. मामंजींवर काढावा तर ते थंडीत कुडकुडत माझ्यासाठीच बसलेले. पाणमांजरांवर काढावा तर ती बिचारी पोट भरत होती. शेवटी मी परातीवर काढला. भाकरी थापताना त्या दिवशी आवाज चौकापर्यंत जात होता.

आत्याबाईंनी त्यांच्या परीनं एक डाव केला. भोयाच्या बायकोकडून गुपचूप एक मासा आणवला, रश्शात शिजवला आणि मासा लागला असं सांगून दादाच्या ताटात वाढला. मामंजी समोर बसले होते. त्यांनी काही न विचारता दादाच्या ताटातलं माशाचं डोकं उचललं, ओठ उलटा करून बघितला आणि परत ठेवला. ओठाला गळाचं भोक नव्हतं. "भिंती," ते म्हणाले, "सांग घरच्यांना, म्या म्हातारा झालो, आंधळा न्हाई झालो." हा डाव पचावा म्हणून आत्याबाईंनी नारायणगडाला नारळ बोलला होता, तो नवस वाया गेल्याचं त्यांना लई वाईट वाटलं.

त्याच रात्रीच्या जेवणाला मी भिंतीशी बोलले.  "भिंती गं, सांग मामंजींना. पाणमांजरं घाटाकडं असली की मासे गढीच्या पायाशी येतात म्हणावं. मी खिडकीतून रोज बघते. दगडापाशी काही नाही."

पलीकडं घास थांबला. मग मामंजी म्हणाले, "भिंती, तुला मासं धरायचं कवापासून कळायला लागलं? आमी चाळीस पावसाळं काय माश्या मारायलो का?"

पण सकाळी ते भोयाची होडी घेऊन गढीखाली आले. वरून मी बघत होते. होडीची सावली पाण्यावर पडली, वल्हं धोंड्याला खटकन लागलं, आणि सगळ्या सावल्या एका झटक्यात नाहीशा झाल्या. मामंजी बराच वेळ गळ टाकून बसले. मग वर न बघता निघून गेले. दाराआडून मला ऐकू येईल अशा आवाजात ते दादाला म्हणाले, "बायांच्या बोलण्यावर गेलतो मी. चूक माजीच."

मी गाठोड्यावर बसून रडले. हुंदके देऊन नाही, तशी सोय नव्हती. पदर तोंडात धरून. आत्याबाई आल्या, माझ्याजवळ टेकल्या आणि पदराखालून काहीतरी काढून माझ्या मांडीवर ठेवलं. गळ होता. जाड दोरीचं रीळ होतं. आणि केळीच्या पानात हिंग घातलेल्या गोळ्या.

"दोरी लांब घे," त्या म्हणाल्या. "दिसती त्याहून खोल हाय. तुज्या वयात म्या सुताला खडा बांधून सोडलाता खाली."

"कावून?" मी विचारलं.

"खाली काय हाय ते बघाया. दुसरं काय होतं बघायला?" एवढं बोलून त्या उठल्या आणि मधल्या दाराची कडी लावून तिथंच धान्य निवडत बसल्या.

घरच्या माणसानं गळानं धरलेला मासा, एवढाच नियम होता. घरच्या बाईनं धरू नये असं त्यात कुणी घातलं नव्हतं, कारण कुणाला तसं सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिट्ट्या ऐकू आल्या तशी मी खिडकीशी बसले. पाणमांजरं घाटाकडं गेली होती. मामंजी आणि दादा दगडावर होते. मान तिरकी केली की मला ते दिसायचे. घाटावर बायका धुणं बडवत होत्या. मी दोरीचं एक टोक गजाला गुंडाळलं, दुसऱ्याला गळ आणि गोळी लावली आणि हात बाहेर काढून दोरी सोडली. ती जातेय, जातेय, संपतच नाही. मग तिला ओलावा लागला. सावल्या आल्या होत्या. माझी गोळी त्यांच्यामध्ये उतरताना मला दिसली. वरून माझी सावली पडत नव्हती, वल्हं वाजत नव्हतं, त्यांना कशाचाच संशय नव्हता. एक मोठी सावली वळली. पुढं आली. थांबली.  आई, मी येते, एवढंच मनात म्हणत होते.

दोरी हातातून अशी ओढली गेली की तळव्याची कातडी सोलली. गजाला वेढा नसता तर रीळ गेलंच असतं. मी पाय भिंतीला लावले आणि ओढायला लागले. विहिरीचं पाणी शेंदतात तशी, हातावर हात टाकून. पाण्यातून तो सुटला तेव्हा पांढरं पोट चमकलं आणि अंगाला झटके देत तो भिंतीवर आपटत वर यायला लागला. माझ्या हाताएवढा लांब होता, आणि रुंदीला चांगला टोपल्याएवढा. तो खिडकीशी आला. मी गजांमधून हात घालून कल्ला धरला, आत ओढला, आणि थिजले.

तो गजांमधून आत येईना.

आडवा केला, उभा केला. डोकं आत यायचं आणि कल्ल्यांमागं अडायचं. मी आतून धरलेला, तो बाहेर लटकलेला, शेपटी भिंतीवर फडाफडा आपटत होता. माझं डोकं चालेना. सोडला तर आई गेली. धरला तर किती वेळ धरणार? खाली एक पाणमांजर येऊन, मान वर करून बघत होतं. मला त्याचा इतका राग आला की मी त्याला तोंडभरून शिवी दिली, पहिली आणि शेवटची.

तेवढ्यात घाटावरचा धुणं बडवण्याचा आवाज थांबला. एकीनं बघितलं असणार, मग सगळ्यांनी. देशमुखांच्या गढीच्या खिडकीतून बांगड्या भरलेला हात बाहेर आलेला आणि त्याला मासा लटकलेला. आमच्या घरात लग्न होऊन आल्यापासून माझं नख बाहेरच्यांनी बघितलं नव्हतं. दगडावर मामंजी उठून उभे राहिले. आता माझी धडगत नाही असं वाटलं.

आणि मामंजी ओरडले. सगळ्या गंगेला ऐकू जाईल असे ओरडले.

"सूनबाई! सोडू नका! दोरी गजाला मारा आधी, दोरी!"

माझ्याशी. भिंतीशी नाही, माझ्याशी. त्यांना मागचं पुढचं काही आठवलं नव्हतं. त्यांना फक्त मासा दिसत होता. आणि मीही भान हरपून, तेवढ्याच जोरात ओरडले, "नाही सोडत, मामंजी!"

"दोन वेढं! वढू नका, लटकू द्या! आलो!"

मी दोरीला दोन वेढे मारले. होडी आली. दादा तिच्यात उभा होता, मामंजी स्वतः वल्हं मारत होते. मी दोरी हळूहळू सोडली आणि मासा दादाच्या हातांत उतरला. दादानं वर बघितलं. गजांतून त्याला माझा रक्ताळलेला हात तेवढा दिसत होता. तो रडत होता आणि हसत होता. मामंजींनी माशाचा ओठ उलटा केला, भोक बघितलं, आणि मान हलवली. मग त्यांनी घाटाकडं बघितलं. तिथं अख्खं गाव जमलं होतं. त्यांचा चेहरा बदलला तो मी वरून बघितला.

दुपारी दादाच्या ताटात मासा पडला. मामंजींनी स्वतः वाढायला लावला, डोक्याकडचा तुकडा. दाराआड मी उभी होते, हाताला हळद बांधलेली. मामंजी पुन्हा भिंतीशी बोलायला लागले होते.

"भिंती, सांग तिला. मासा घरच्या हातचा हाय, मला मान्य हाय. गाडी जुंपायला सांगितलीय." मग म्हणाले, "पण साऱ्या काठानं घरची सून बघितली. ती खिडकी आता ऱ्हानार न्हाई. तिला म्हणावं, हे मान्य असंल तर निघ."

आत्याबाईंच्या हातातला तांदूळ धुण्याचा रवळा थांबला. त्यांनी त्या खिडकीशी माझ्या दुप्पट, तिप्पट दिवस काढले होते. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी डोळ्यांनीच मला ढकललं.

"भिंती गं," मी म्हटलं, "सांग मामंजींना. मान्य म्हणावं."

मी वेळेत पोचले. वाटेत मुक्काम कुठं पडले ते मला आठवत नाही. दार वाजलं, आईनं मान वळवली, आणि या वेळी दारात मी होते. ती आणखी काही दिवस होती. तिला बोलवत नव्हतं, पण ऐकायची. मी तिला पाणमांजरांची गोष्ट सांगितली, आत न येणाऱ्या माशाची सांगितली. मामंजी "सूनबाई!" असे कसे ओरडले त्याची नक्कल करून दाखवली. ती हसली. पुन्हा सांग म्हणून बोटानं खूण करायची. तिनं डोळे मिटले तेव्हा तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. आयुष्यात मी पुष्कळ गोष्टींवर पाणी सोडलं, पण हे मला मिळालं, आणि त्यासाठी दिलेली किंमत मला कधी जास्त वाटलेली नाही.

परत आले तेव्हा खिडकीच्या जागी भिंत होती. विटा नव्या, वरून चुना, अजून ओलसर वास येत होता. आत्याबाईंनी तिच्यासमोर धान्याची कणगी सरकवून ठेवली होती, बघायला नको म्हणून. स्वयंपाकघरात दिवसासुद्धा दिवा लावावा लागे. मी कणगीमागं शिरून भिंतीला कान लावला. काही ऐकू आलं नाही. नंतर कितीतरी दिवस लावत होते. गढीच्या भिंती जाड असतात.

उन्हाळा लागला. डोह आटत चालला होता आणि पाणमांजरं अजून गेली नव्हती, हे कळायचं ते मामंजींच्या रिकाम्या हातांवरून. ते रोज जायचे, रोज तसेच यायचे. दगड सोडून त्यांनी आता जागा बदलून बघायला सुरुवात केली होती. कधी घाटाखाली, कधी पलीकडच्या वाळूवर, कधी होडीतून. पण पाणमांजरं कुठं आहेत आणि मासा कुणीकडं पळालाय हे काठावरून दिसत नाही. ते फक्त वरून दिसायचं.

मग एक दिवस हैदराबादहून पत्र आलं की मालक येताहेत, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे कुणी मोठे वकील पाहुणे आहेत, त्यांना डोहातला मासा खायचाय. मामंजी दोन दिवस बसले. काही नाही. दुसऱ्या रात्री ते जेवायला बसले, बराच वेळ ताटातला भात चिवडत राहिले. दाराआड मी होते, शेजारी आत्याबाई.

"भिंती," मामंजी म्हणाले. त्यांचा आवाज असा खालचा मी कधी ऐकला नव्हता. "जरा इचार तिला. पाणमांजरं या दिसांत कुणीकडं असत्यात? मासा कुटं मिळंल?"

आत्याबाईंनी माझा हात धरला. मला वाटलं, चिमटा घेतील. त्यांनी नुसता धरून ठेवला.

"मामंजींना म्हणावं," मी म्हटलं, "तुम्ही बांधलेल्या भिंतीला विचारा."

 पलीकडं ताट सरकवल्याचा आवाज झाला, आणि मग हात धुतल्याचा.